भंगारातले तांबे, सांडपाण्यातला रंग

जुन्या संगणकांच्या वीजपुरवठा-पेट्यांतील तांबे आणि बिघडलेल्या यूपीएसमधील लोखंडी पत्र्या विरघळवून त्यांपासून कॉपर फेराइट ही तांबे, लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची, चुंबकाला चिकटणारी भुकटी तयार करायची, आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील रंगद्रव्य तिच्या साहाय्याने नष्ट करता येते का ते तपासायचे, हे काम मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, शिकवण्याची जबाबदारी सांभाळून, गेली काही वर्षे करते आहे. या विषयावर शोधनिबंधांची वानवा नाही. परंतु निबंधात कृती थोडक्यात सांगितलेली असते आणि बहुतेक जागा निष्कर्षांना दिलेली असते. वापरलेले आम्ल पुढे कुठे गेले, अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) धुतलेल्या पाण्याचे काय झाले, उरलेला गाळ कोणाच्या स्वाधीन केला, हे त्यात क्वचितच सापडते. प्रत्यक्ष काम करताना माझा सर्वाधिक वेळ आणि विचार नेमका याच गोष्टींवर खर्च झाला, म्हणून त्या सविस्तर लिहाव्यात असे वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्याचे पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. आज खाणीतून निघणाऱ्या खनिजात तांब्याचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, तर संगणकाच्या मदरबोर्डाच्या वजनात ते साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाते. हे आकडे मी पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक सरांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी विचारले, "तांबे इतके मौल्यवान आहे, तर त्याची पुन्हा तारच का करू नये? चांगल्या धातूची भुकटी करून ती पाण्यात टाकण्यात शहाणपण कोणते?" हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर शोधताना माझ्या कामाची दिशाच ठरली. शुद्ध तांब्याची तार पुन्हा तारच व्हावी, याबद्दल माझेही दुमत नाही. मात्र सर्किट बोर्डावरील तांबे कथील, शिसे, जस्त, निकेल, लोखंड यांच्या सहवासात असते; ते तारेच्या प्रतीचे करायचे तर विद्युत-शुद्धीकरणाचा टप्पा लागतो आणि तो मोठ्या कारखान्यालाच परवडतो. फेराइटसाठी तितक्या शुद्धतेची गरज नसते. शिवाय सगळे बोर्ड सारख्या मोलाचे नसतात, हे मला बाजारात गेल्यावर कळले.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि साकीनाक्याच्या आतल्या गल्ल्यांत मी चौकशी केली ती माल विकत घेण्यासाठी नव्हे, तर कोणत्या मालाचे काय होते ते समजून घेण्यासाठी. तिथल्या एका वयस्क व्यापाऱ्याने मला दुकानात बसवून गोण्या उघडून दाखवल्या. मोबाईलचे बोर्ड, मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या यांच्या गोण्या वेगळ्या आणि त्यांचा किलोचा भावही वेगळा, कारण त्यांत सोन्याचा अंश असतो. वीजपुरवठा-पेट्या, जुने टीव्ही, रिमोट, चार्जर यांतून निघणारे तपकिरी बोर्ड मात्र एका कोपऱ्यात ढिगाने पडलेले होते. "हा लो ग्रेड माल, मॅडम. यातली तांब्याची कॉइल आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक आम्ही काढून घेतो, उरलेला पत्ता कोणाला नको असतो," असे त्यांनी सांगितले. हा 'पत्ता', म्हणजे कागद आणि फिनॉलिक राळ यांच्या थरांवर एकाच बाजूने तांब्याचा पातळ मुलामा दिलेला बोर्ड, पुढे कुठे जातो या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि "जाळणारे लोक नेतात," एवढेच म्हणाले. उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत, रामगंगेच्या काठी, बोर्ड जाळून त्यांची राख धुतली जाते, याविषयी पूर्वीच बरेच लिहिले गेले आहे. बोर्डात आग पसरू नये म्हणून मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायने उघड्यावर कमी तापमानाला जळली की त्यांतून डायॉक्सिन वर्गातील विषारी संयुगे तयार होतात, आणि ती सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातात. सोने असलेल्या बोर्डांना गिऱ्हाईक आहे, नोंदणीकृत कारखान्यांनाही ते हवे असतात. ज्याला कोणीच वाली नाही त्या तपकिरी बोर्डावरच काम करायचे, हे त्या दुकानातच माझ्या मनाशी पक्के झाले.

माल मात्र आम्ही बाजारातून आणला नाही. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील निकामी यंत्रे डेडस्टॉक नोंदवहीत अनेक वर्षे पडून होती आणि त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करण्याचा, प्रस्ताव नुकताच मंजूर झाला होता. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याच्या हाती जाणे अपेक्षित असते. म्हणून बहुतांश यंत्रे तशी रवाना झाली आणि ठरावीक वीजपुरवठा-पेट्या, काही हार्ड डिस्क आणि बंद पडलेले यूपीएस संशोधनासाठी ठेवून घेण्याची लेखी परवानगी मी प्राचार्यांकडून घेतली. कार्यालयीन कागदपत्रांचा हा भाग कंटाळवाणा असला, तरी तो टाळून भंगारवाल्याकडून गुपचूप गोणीभर माल आणणे मला योग्य वाटले नसते. आपण कशाचे किती आणले याचा हिशेबच नसेल, तर शेवटी किती उरले याचाही हिशेब लागत नाही.

सुटे भाग वेगळे करण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आणि प्रयोगशाळेतील मामांनी मिळून केले. वीजपुरवठा-पेटीतील मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो, त्यामुळे प्रत्येक पेटी उघडताच तो रोधातून निचरून टाकण्याचा नियम आम्ही केला. नंतर तांब्याची वेटोळी, ॲल्युमिनियमचे तुकडे, तारा आणि कपॅसिटर वेगळ्या डब्यांत गेले. या पेट्यांतील छोट्या ट्रान्सफॉर्मरचा काळा, ठिसूळ गाभा स्वतःच मँगनीज आणि जस्ताच्या फेराइटचा असतो, म्हणजे ज्या कुळातील पदार्थ आम्हाला करायचा होता त्याच कुळातील; विद्यार्थ्यांना फेराइटची स्फटिकरचना शिकवण्यासाठी मला याहून चांगले साधन मिळाले नसते. गरम हवेच्या यंत्राने डाख (सोल्डर) वितळवून घटक सोडवताना मात्र धूर खेचणाऱ्या कपाटाबाहेर एकही बोर्ड ठेवला नाही. जुन्या डाखात कथिलासोबत ३७ टक्क्यांपर्यंत शिसे असते. २००६ नंतर युरोपीय निर्बंधांमुळे शिसेविरहित डाख रूढ झाला, परंतु आमची यंत्रे कोणत्या काळातील सुट्या भागांनी बनली होती हे सांगता येत नसल्याने सर्वच डाख शिसेयुक्त आहे असे आम्ही धरून चाललो. हार्ड डिस्कमधील निओडिमियमचे जोरदार चुंबक वेगळे काढून ठेवले. ते पुढे फार उपयोगी पडले.

तांबे पातळ हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात आपणहून विरघळत नाही. त्याला ऑक्सिडीकरण करणारा साथीदार लागतो. नायट्रिक आम्ल हे काम झटपट करते, पण त्यातून नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूर उठतो, आणि लहान कोंदट खोल्यांत बोर्डांवर काम करणारे कामगार नेमका हाच धूर श्वासावाटे घेत असतात. आम्ही पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी निवडली. तिच्यातून कॉपर सल्फेट आणि पाणी एवढेच तयार होते. दुसरा मोठा लाभ असा, की शिशाचे सल्फेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने बोर्डावर चुकून राहिलेले शिसे द्रावणात न येता पांढऱ्या गाळात अडकून राहते. पेरॉक्साइड मात्र जपून, थेंबाथेंबाने घालावे लागते, कारण विरघळलेले धातू त्याचे विघटन वेगाने घडवतात, द्रावण तापते आणि उसळू लागते. म्हणून भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून आणि ढवळत राहूनच हे केले. बोर्डाचे कापलेले तुकडे हळूहळू तांबडे रूप टाकून फिकट तपकिरी दिसू लागतात आणि द्रावण निळे होत जाते. ते पाहण्यासाठी पदवीच्या वर्गातील मुलेही दारात उभी राहत असत.

या निळ्या द्रावणात तांब्याबरोबर जस्त, निकेल आणि थोडे लोखंडही होते. तांबे वेगळे काढण्यासाठी आम्ही जुनीच पद्धत वापरली: द्रावणात लोखंडाच्या स्वच्छ पट्ट्या सोडल्या, की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे लालसर चुऱ्याच्या रूपात खाली बसते, तर जस्त आणि ॲल्युमिनियम द्रावणातच राहतात. हा चुरा गाळून, धुऊन पुन्हा विरघळवला. दुसरीकडे यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरमधील पत्र्यांवरचे व्हार्निश खरवडून त्या कोमट पातळ आम्लात टाकल्या. या पोलादात सिलिकॉन मिसळलेले असल्याने तळाशी काळसर अवशेष राहतो आणि वर हायड्रोजन निघतो, त्यामुळे आसपास ज्योत असता कामा नये. फिकट हिरव्या द्रावणातील फेरस लोहाचे पेरॉक्साइडने फेरिकमध्ये रूपांतर केले आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचा थेंब टाकून निळा रंग येत नाही याची खात्री केली, कारण फेरस लोह शिल्लक राहिले तर पुढचे प्रमाण चुकते.

प्रमाण असे, की तांब्याच्या एका अणूमागे लोहाचे दोन अणू हवेत. वजनात सांगायचे तर दहा ग्रॅम कॉपर फेराइटसाठी सुमारे २.६६ ग्रॅम तांबे आणि ४.६७ ग्रॅम लोखंड लागते. दोन्ही द्रावणांतील धातूंचे प्रमाण मोजून ती एकत्र केली आणि ढवळत असतानाच कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडून सामू (पीएच) चांगला अल्कधर्मी केला. गडद तपकिरी, चिकट अवक्षेप मिळाला. हा अवक्षेप गाळणे हे या साऱ्या कृतीतील सर्वांत चिवट काम आहे. तो गाळणकागदाची छिद्रे बुजवतो, पंप लावला तरी पाणी थेंबाथेंबाने उतरते, आणि त्यात अडकलेले सोडियम सल्फेट निघून जाईपर्यंत तो पुनःपुन्हा धुवावा लागतो. धुवणात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकल्यावर पांढुरकेपणा येणे थांबले, की मगच धुणे पुरे झाले असे समजायचे. त्यानंतर भट्टीत सुकवून मफल भट्टीत ८०० अंश सेल्सिअसला काही तास तापवले, तेव्हा काळपट भुकटी मिळाली. तिच्याजवळ हार्ड डिस्कचा चुंबक नेताच ती कागदावरून उठून त्याला चिकटली. भुकटीत नेमकी कोणती संयुगे आहेत हे ओळखण्यासाठी क्ष-किरण विवर्तनाची चाचणी दुसऱ्या संस्थेत करून घेतली. त्या आलेखात ३८.७ अंशांच्या आसपास शिखर दिसले, तर भुकटीत साधे कॉपर ऑक्साइड उरले आहे असे समजतात, आणि ३३ अंशांपाशी दिसले तर हेमेटाइट, म्हणजे लोहाचे साधे ऑक्साइड. सुरुवातीच्या नमुन्यांत कॉपर ऑक्साइडचे शिखर स्पष्ट होते, पुढे द्रावणांतील धातू नेमके मोजून मिसळू लागल्यावर ते क्षीण झाले.

या भुकटीने रंग कसा नष्ट होतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारासोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घातले असता टार्टारिक आम्लाचे जोमाने ऑक्सिडीकरण होते असे दाखवले, आणि १९३४ मध्ये हाबर व वाइस यांनी त्यामागे हायड्रॉक्सिल मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला अणुगट) असल्याची उपपत्ती मांडली. हा मूलक अतिशय क्रियाशील असून रंगद्रव्यांचे मोठे रेणू तोडतो. विरघळलेल्या लोहाने हे काम करायचे, तर पाण्याचा सामू ३ च्या आसपास आणावा लागतो आणि शेवटी पाणी उदासीन करताना लोहाचा प्रचंड गाळ निघतो. लोह घन भुकटीच्या पृष्ठभागावर बांधलेले असेल, तर तो गाळ टळतो आणि भुकटी चुंबकाने परत काढता येते. तांब्याचे कामही महत्त्वाचे आहे: ते फेरिक लोहाला पुन्हा फेरस करण्यास मदत करते, त्यामुळे चक्र चालू राहते. निव्वळ लोहाच्या ऑक्साइडपेक्षा कॉपर फेराइट अधिक कार्यक्षम ठरते, ते याच कारणाने.

पहिल्या चाचण्या मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर केल्या. एका लिटरला दहा मिलिग्रॅम इतके रंगद्रव्य, त्यात मोजकी भुकटी आणि पेरॉक्साइड घालून ठरावीक वेळाने नमुना काढायचा, चुंबकाने भुकटी बाजूला करायची आणि ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचे. निळे पाणी डोळ्यांदेखत फिके होताना विद्यार्थ्यांना फार आनंद होत असे, आणि तो आनंद मलाही होता. परंतु रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे, आणि हे मी त्यांना प्रत्येक वेळी निक्षून सांगितले. रंगद्रव्य भुकटीच्या पृष्ठभागावर नुसते चिकटून बसले, तरी पाणी रंगहीन दिसते. मिथिलीन ब्लूचे तर क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) झाले, तरी ते रंगहीन होते आणि हवेच्या संपर्काने पुन्हा निळे होते. म्हणून पेरॉक्साइडशिवाय केवळ भुकटी आणि भुकटीशिवाय केवळ पेरॉक्साइड असे दोन्ही प्रयोग समांतर ठेवले, आणि रंगाबरोबर पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सीओडी, मोजली; पाण्यात सेंद्रिय पदार्थ किती उरले याचा ती अंदाज देते. त्यातही एक अडचण आहे. पाण्यात उरलेले पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीतील डायक्रोमेटशी स्वतःच अभिक्रिया करते आणि आकडा खोटा फुगवते, त्यामुळे मोजणीपूर्वी त्याचे पूर्ण विघटन करणे आवश्यक असते. रंग झपाट्याने जातो आणि सीओडी संथपणे उतरते, हे अंतर आमच्या प्रत्येक आलेखात दिसले. मोठा रेणू तुटतो, त्याचे लहान तुकडे पाण्यातच राहतात, आणि ते तुकडे निरुपद्रवी आहेत असे तपासल्याशिवाय म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मुंबईत पाण्याच्या प्रदूषणावर काम करते असे म्हटले, की समोरच्याचा पहिला प्रश्न मिठी नदीविषयीच असतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी या भागांतून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या या नदीचे पाणी आम्हीही आणून पाहिले. आमची भुकटी तिथे जवळजवळ निष्प्रभ ठरली, आणि त्यामागची कारणे स्पष्ट आहेत. नदीतील मुख्य भार घरगुती मैलापाण्याचा आहे, त्यातील विविध सेंद्रिय पदार्थ हायड्रॉक्सिल मूलक रंगद्रव्याआधीच खाऊन टाकतात. खालच्या भागात भरतीचे पाणी येत असल्याने क्लोराइड भरपूर असते आणि पाण्यातील बायकार्बोनेटही मूलकांना निकामी करते. मैलापाण्यावर जीवाणूंच्या साहाय्याने चालणारी शुद्धीकरण केंद्रे हाच उपाय आहे, आणि एखाद्या नव्या भुकटीने नदी स्वच्छ होईल अशी आशा लोकांना दाखवणे मला गैर वाटते. या पदार्थाची जागा नदीत नाही. ती रंगाई कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी आहे, जिथे पाण्याचे प्रमाण मोजके असते, रंगद्रव्य ओळखीचे असते आणि जीवाणूंना न पचणारे ॲझो वर्गातील कृत्रिम रंग इतर पाण्यात मिसळण्यापूर्वीच गाठता येतात.

तिथेही एक अट आहे. ज्या भुकटीत एक चतुर्थांशाहून अधिक वजन तांब्याचे आहे, ती स्वतः पाण्यात तांबे सोडत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानक ३ मिलिग्रॅमचे आहे. तांब्याचा अत्यल्प अंशही शैवाल आणि माशांना बाधतो, म्हणून केवळ ३ च्या आत राहिलो यात मी समाधान मानले नाही. धातूंचा सूक्ष्म अंश मोजणाऱ्या अणू-शोषण वर्णपटमापकावर नमुने तपासले, तेव्हा आम्लधर्मी पाण्यात तांबे अधिक सुटते आणि उदासीन पाण्याकडे सरकत गेले तसे ते कमी होते, हा अपेक्षित कल स्पष्ट दिसला. याचा अर्थ असा, की रंग सर्वांत वेगाने जिथे जातो त्या सामूला हा पदार्थ वापरू नये. थोडा अधिक वेळ द्यावा आणि पाणी उदासीनतेच्या जवळ ठेवावे. शोधनिबंधात सर्वोत्तम आकडा छापण्याचा मोह असतो, परंतु आम्ही अहवालात उदासीन पाण्यातील संथ आकडाच मुख्य म्हणून मांडला.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र प्रयोगशाळेतील मामांनी विचारला. ऊर्ध्वपातित पाण्याचे यंत्र चालवणे त्यांच्याकडे असते. एकदा अवक्षेप धुण्याचे काम दिवसभर चालले होते, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमची भुकटी निघते चमचाभर आणि पाणी जाते बादल्या भरून. हे पाणी मोजले आहे का कधी?" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. धुण्यासाठी लागणारे पाणी तर होतेच, शिवाय ते ऊर्ध्वपातित करणाऱ्या काचेच्या यंत्राला थंड ठेवण्यासाठी त्याच्या कित्येक पट नळाचे पाणी वाहून जात होते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भातसा, तानसा, वैतरणा या शहापूरकडच्या जलाशयांतून येतो, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाणी स्वच्छ करण्याच्या नावाखाली आपण ते पाणी मिठाने भरून मोरीत सोडत असू, तर त्या कामाचा अर्थ काय, हा विचार मला अस्वस्थ करणारा होता.

त्या दिवसापासून प्रत्येक टप्प्यावर आत गेलेले आणि बाहेर पडलेले पाणी लिहिण्यासाठी वेगळी वही ठेवली. तिच्यात पहिली नोंद रसायनशास्त्राच्या समीकरणावरूनच करता आली: सल्फेटच्या द्रावणांपासून दहा ग्रॅम कॉपर फेराइट मिळवताना किमान २४ ग्रॅमच्या आसपास सोडियम सल्फेट तयार होतेच होते, आणि द्रावणातील जादा आम्ल उदासीन करताना त्यात आणखी भर पडते. म्हणजे हव्या त्या पदार्थाच्या दुपटीहून अधिक वजनाचे मीठ. ही बेरीज कोणत्याही कौशल्याने टळणारी नाही, पण बाकीचे बरेच काही टाळता आले. थंड ठेवण्याचे पाणी एका टाकीतून फिरवून पुन्हा वापरात आणले. अवक्षेप गाळण्याऐवजी उंच भांड्यात तळाशी बसू द्यायचा आणि वरचे पाणी ओतून घ्यायचे, अशी पद्धत सुरू केली. शेवटच्या, जवळजवळ शुद्ध धुवणाने पुढच्या घाण्याचे पहिले धुणे करायचे हा क्रम लावल्यावर नवे पाणी फक्त अखेरच्या धुण्यापुरतेच लागू लागले. तांबे खाली बसवल्यावर उरणारे फेरस सल्फेटचे द्रावण आधी आम्ही कचरा म्हणून बाजूला ठेवत होतो. आता तेच लोहाचा स्रोत म्हणून वापरतो, त्यात थोडे जस्त राहते ते फेराइटच्या जाळ्यात सामावून जाते, आणि यूपीएसच्या पत्र्या त्यामानाने कमी विरघळवाव्या लागतात. यात भुकटीची शुद्धता किंचित कमी झाली. शुद्धतेपेक्षा वाया जाणारे द्रावण वाचवणे मला अधिक मोलाचे वाटले, आणि सरांनीही ते मान्य केले.

शिसे आणि कथिलाचा गाळ, सिलिकॉनचा काळा अवशेष, तांबे निघून गेलेले बोर्डाचे तुकडे, निकामी झालेली भुकटी, हे सारे झाकणबंद डब्यांत लेबल लावून वेगवेगळे ठेवले जाते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अशी साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक करता येत नाही, म्हणून रसायनशास्त्र विभागाच्या इतर घातक कचऱ्याबरोबर हे डबे तळोज्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था केली. बोर्डाच्या तुकड्यांतील राळेवर आमच्याकडे उपाय नाही. ते जळत्या ढिगावर जाणार नाहीत, एवढीच हमी आम्ही घेऊ शकतो आणि ती घेतली आहे.

राहिला प्रश्न सोडियम सल्फेटचा. धुवणाचे पाणी उथळ ट्रेमध्ये गच्चीवर उन्हात आटवले, की त्याचे पारदर्शक स्फटिक मिळतात. यालाच व्यवहारात ग्लॉबर सॉल्ट म्हणतात, आणि सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देताना रंग धाग्यावर चढावा म्हणून कारखाने हेच मीठ मोठ्या प्रमाणात वापरतात. ज्या कारखान्याने आम्हाला तपासणीसाठी सांडपाणी दिले होते, तिथल्या डाईंग मास्टरांना मी त्या स्फटिकांची पुडी नेऊन दाखवली. त्यांनी ते बोटांत चुरडून पाहिले आणि लगेच विचारले, "मॅडम, यात लोखंड आणि तांबे किती आहे ते आधी सांगा. या दोघांनी कापडाची छटा फिरते." त्यांचा प्रश्न योग्य होता, धातूंचे आयन रंगाशी बांधले जाऊन छटा बदलतात. उन्हात आटवण्यापूर्वी धुवणाचा सामू काळजीपूर्वक ठरवून त्यातील उरलेसुरले धातू आणखी एकदा अवक्षेपित करायचे आणि मगच स्फटिक करायचे, हा सध्याचा टप्पा आहे. स्फटिकांतील लोहाचे आणि तांब्याचे आकडे हाती आले, की ते घेऊन मी पुन्हा त्या डाईंग मास्टरांकडे जाणार आहे.